मंद उजेडाची फिल्म

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात फ्लॅश चालत नाही. दिवेही मंद ठेवतात, खिडक्यांना जाड पडदे असतात. तिथे फोटो काढायचा म्हटलं की भलेभले फोटोग्राफर हात झटकून मोकळे व्हायचे. फोटोताई मात्र जायची. सगळ्या सिस्टर तिला याच नावानं हाक मारत. एखाद्या बाळाचं काही खरं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की मोठ्या सिस्टर आईबापांना विचारून स्टुडिओत फोन करायच्या. फोटोताई हातातलं काम नवऱ्यावर टाकून निघायची.

तिचा स्वतःचा मुलगा याच वॉर्डात गेला होता. तेव्हा नवऱ्यानं दुकानातली सगळ्यात जलद रंगीत फिल्म कॅमेऱ्यात घातली आणि काचेच्या पेटीवर वाकून त्याचा फोटो काढला. मुलगा राहिला नाही, दुसरं मूल झालं नाही. तो फोटो कपाटाच्या दारावर आतून लावलेला होता. साडी काढायला दार उघडलं की तो दिसायचा. पाहुण्यांना दिसायचा नाही.

त्या फिल्मचा गुण असा, की अंधूक उजेडातही ती चटकन चित्र धरायची. फोटोवर बारीक रव्यासारखे दाणे यायचे. लग्नाचे फोटो काढणारे त्यावर नाकं मुरडायचे. या बाळांना मात्र ते दाणे मानवायचे. नाकातली नळी, पायाची चिकटपट्टी, छातीवरच्या वायरी त्या दाण्यांत विरघळून मागे सरायच्या. पुढे राहायचं ते गालाचं गुलाबीपण, जावळ, मिटलेली मूठ. झोपलेलं बाळ, बस. आया तो फोटो छातीशी धरायच्या.

मग कंपनीनं ती फिल्म बंद केली.

"ताई, आता तिचं नाव विसरा," माल पुरवणारा फोनवर म्हणाला. "कुणी मागतच नाही."

"मी मागतेय ना!"

"तुम्ही एकट्याच. एकटीसाठी कारखाना कोण चालवणार?"

त्याच्याकडे उरला होता तेवढा साठा तिनं उचलला आणि फ्रीजमध्ये भरला. नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे पाहुण्याला गार पाणी मिळणार नाही. फ्रीजमध्ये हिची पोरं झोपलीयत." तीही हसायची. हळूहळू रोल संपत गेले. शेवटचा एक उरला, तो काही तिच्यानं वापरवेना. तो संपला की संपलंच, असं तिला वाटायचं. ती डिजिटल कॅमेरा नेऊ लागली. त्याचे फोटो लख्ख यायचे, नळ्या-वायरींसकट. आईबाप "थँक्यू" म्हणायचे, पाकीट पिशवीत सरकवायचे, उघडून बघायचे नाहीत. तिला ते कळायचं. अशीच काही वर्षं गेली.

एके दुपारी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. मुलगी होती. बाप बेकरीत भट्टीवर काम करायचा, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग होते. आईचं ऑपरेशन झालेलं, ती वरच्या मजल्यावर पडून. तिनं लेकीला अजून नीट पाहिलंही नव्हतं. फोटोताईनं फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बापाला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला.

"ही मशीन झाली," तो म्हणाला. "यात माझी लेक कुठंय?"

"आहे ना, ही बघा."

"मला दिसते हो. हिची आई हे बघेल तेव्हा तिला काय दिसेल? सुया मोजत बसेल ती. जन्मभर."

फोटोताईनं कॅमेरा बंद केला.

"थांबा," ती म्हणाली. "मी आलेच."

ती रिक्षानं घरी आली आणि थेट फ्रीज उघडला. नवरा दुकानातून मागोमाग आत आला. तिच्या हातातली डबी बघून तो काय ते समजला.

"अगं, ती फार जुनी झालीय. ही फिल्म जितकी जलद, तितकी लवकर म्हातारी होते. फ्रीजमध्ये ठेवून काय होतंय? भरवसा नाही तिचा."

"आपल्या बाळाच्या वेळी हीच होती."

"तेव्हा ती ताजी होती."

"अहो, तो बाप तिथं उभा आहे."

नवऱ्यानं जुना कॅमेरा खाली काढला, भिंग पुसलं, फिल्म स्वतःच्या हातानं भरून दिली. "उजेड जास्त वेळ दे तिला," दारापर्यंत येऊन तो एवढंच म्हणाला. "डोळे अधू झालेल्या माणसाला देतात तसा."

ती परतली तेव्हा आईला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं होतं. सिस्टरनं पेटीची गोल खिडकी उघडली. आईनं हात आत घातला, पण लेकीला शिवायची तिची छाती होईना. "दुखेल का हो हिला?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बाप म्हणाला, "तुझा हात आहे गं. तुझ्या हातानं कसं दुखेल?" तेव्हा तिनं एक बोट त्या मुठीजवळ नेलं. मुठीनं ते धरलं. फोटोताई एकामागून एक फोटो काढत गेली. रोल संपल्यावरही ती कॅमेरा डोळ्याला लावून तशीच उभी राहिली. तिला दुसरं काही करता येईना.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

नवऱ्यानं दुकानामागच्या छोट्या खोलीत फिल्म धुतली. इतका वेळ कसा लागतोय म्हणून फोटोताई आत गेली, तर तो ओली पट्टी दिव्यासमोर धरून उभा होता. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट होती. वर्षांनी तिच्यावर धुकं चढवलं होतं.

"काहीच नाही?"

"बघू. छापून बघू."

त्यानं छापून बघितलं. रंग कमी करून, वाढवून, त्याला येत होतं ते सगळं केलं. प्रत्येक कागदावर गढूळ तपकिरी पाणी उतरलं. एका फोटोत तेवढी आईच्या बोटाची आणि मनगटाची फिकट कड ओळखू येत होती. त्यापुढे बाळाच्या जागी नुसतं धुकं होतं.

"वर्षानुवर्षं जपून ठेवली," ती म्हणाली. "मी ती तेव्हाच वापरली असती, तर कुणाचं तरी बाळ दिसलं असतं हो."

नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

आईबाप स्टुडिओत आले तेव्हा फोटोताईनं काही लपवलं नाही. "फिल्म मेलेली होती," तिनं सांगितलं, "मला ते मान्य करायचं नव्हतं." लख्ख फोटोंचं पाकीट एका बाजूला ठेवलं, तो धुकट फोटो दुसऱ्या बाजूला. बाप खाली मान घालून बसला. आईनं धुकट फोटो उचलला, खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला.

"हे माझं बोट," ती म्हणाली.

"हो."

"मग ती इथं आहे. इथं. धरलं होतं तिनं, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. घट्ट धरलं होतं."

आई त्या धुक्यावरून हात फिरवू लागली, आणि फिरवता फिरवता एकदम कोसळली. "दिसत नाही हो," ती ओरडून रडली, "माझी मुलगी दिसतच नाही!" बापानं तिला सावरलं. फोटोताईही रडली. इतक्या वर्षांत कुठल्याच आईबापांसमोर ती रडली नव्हती.

निघताना त्यांनी दोन्ही फोटो नेले. लख्ख फोटोंचं पाकीट बापानं शर्टाच्या आत घातलं. "हे मी ठेवतो," तो हळूच म्हणाला. "तिला झेपेल तेव्हा दाखवेन."

त्यानंतर वॉर्डातून फोन आला की नवराच उचलायचा आणि तिला बरं नाही म्हणून सांगायचा. मग एके दिवशी मोठ्या सिस्टर स्वतः स्टुडिओत आल्या, बाकावर बसल्या. फोटोताईनं चहा ठेवला.

"सिस्टर, माझ्याकडे आता बाळाच्या नळ्या-सुया झाकणारं काही नाही," ती म्हणाली. "जे आहे तेच दिसणार."

"माहीत आहे मला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आज जुळी आहेत. एक राहील म्हणतात."

फोटोताईनं गॅस बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.