जावयाचे पाय

धोंड्याचा महिना लागला आणि हेमराज सारखा आपल्या पायांकडे बघू लागला. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. भेस्तानला सासरी जेवणाचं बोलावणं होतं, आणि जेवणाआधी सासू-सासरे जावयाचे पाय धुणार, तेही गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर.

पाय कसले, चिंचेची वाळलेली साल! बमरोलीच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दिवसभर सोड्याच्या पाण्यात उभं राहून गुडघ्याखालची कातडी पार पांढरी पडली होती. सासरी त्याने पॅन्ट घोट्याच्या वर कधी सरकू दिली नव्हती. जावई रुबाबदार आहे असं तिथे सगळे म्हणत, आणि स्वारीला ते फार आवडे.

मग काय, त्या सकाळी पठ्ठ्याने पेट्रोलियम जेलीची नवी डबी उघडली आणि कोरड्या पायांवर अर्धी थापली.

"अहो, पुरणपोळीवर तूप ओतताय का?" त्याची बायको योगिता हसत सुटली.

"तू फक्त फोटोत पाय येऊ देऊ नकोस."

सासरी तो पाटावर बसला. सासरे शालिग्राम तांब्याने पाणी ओतू लागले, सासूबाई भागीरथीबाईंनी पाय धरले, आणि त्यांचा हात सटकन निसटला. कुंकू लावलं, तेही घसरत घोट्यावर आलं. बाया पदराआड हसू लागल्या. भागीरथीबाईंनी फडक्याने जेली खसखसून पुसली, तशी खालची पांढरी, भेगाळलेली कातडी उघडी पडली. हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जवाईबापू, हाई मिलनं पानी शे ना?" सासूबाईंनी हळूच विचारलं. त्याने मान हलवली.

शालिग्रामांनी आपला पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला. पाय कसे तुकतुकीत! बायकोकडे बोट दाखवत ते म्हणाले, "मी बी डाइंगमाच व्हतू. हाई इना हातनी करामत शे."

भागीरथीबाईंनी घरातली तसल्याच जेलीची डबी आणली. "कोरडा पायले लाईसन काय व्हई? पाय धुईसन वल्ला र्‍हावू द्या, मंग थोडीशीच लावा." म्हणाल्या आणि पुन्हा पाणी ओतून ओल्या पायांवर स्वतःच हलक्या हाताने जेली चोळू लागल्या.

"अहो, राहू द्या, राहू द्या..."

"मायना हातनी लाज कसानी?"

हेमराजला एकदम भरून आलं. इतके दिवस आपण कोणापासून पाय लपवत होतो, असं त्याला वाटलं. त्याने पॅन्ट आणखी एक घडी वर दुमडली.

"योगिता, काढ आता फोटो," तो म्हणाला. "आणि पाय नीट येऊ देत."