सहावी छत्री

वनमालाबाईंनी हातातल्या चारही बांगड्या काढून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि विशालने हातातली पोळी खाली ठेवली.

"बत्तीस वर्षांचा घोडा झाला," त्या हसून म्हणाल्या, "अजूनही बांगड्यायचा आवाज आयकला की पोटात गोळा येते तुह्या?"

"मले काही नाही येत."

"मंग पोळी काहून खाली ठेवली?"

विशाल ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसला. मागे खाट सरकली, टीपॉय सरकला, आणि रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नारंगी कापड सळसळत पसरले. घरात त्याला कुणी पॅराशूट म्हणत नसे. छत्रीच म्हणत. त्या कापडाला बांगडीची कड लागली तरी धागा निघायचा, म्हणून आधी बांगड्या उतरायच्या. उद्या आई आकाशातून उडी मारणार, हे मुलांना लहानपणापासून त्या डब्याच्या आवाजाने कळत आले होते.

वनमालाबाई मुलींच्या सरकारी शाळेत पीटीच्या बाई. कॉलेजात एनसीसीत असताना एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पहिली उडी मारली. पुढे रेल्वेतल्या यशवंतरावांशी लग्न झाले, दोन लेकरे झाली, पण वर्षातून एकदोनदा कुठूनतरी बोलावणे यायचे आणि बाई पाठीवर ती बॅग लावून निघायच्या. सासू दोन दोन दिवस जेवायची नाही. "सवाशीण बाई हात मोकळे करून बसते, घराले काय दिवस दाखवन ही," असे साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. आठ वर्षांपूर्वी यशवंतराव काविळीने गेले तेव्हा तेराव्याला आलेल्या बायका तेच कुजबुजत होत्या. काचेच्या बांगड्या गेल्या, धातूच्या आल्या. उड्या मात्र थांबल्या नाहीत.

पोराने काय करावे? सिंचन खात्यात तो कारकून होता. ऑफिसातला राकेश सगळ्यांसमोर म्हणायचा, "मम्मी हेलिकॉप्टरसे कूदती है और ये बंदा कुर्सीसे नहीं उठता." दोन स्थळे नुसत्या चौकशीवर परत गेली. मुलगा सालस आहे, पेटी सुरेख वाजवतो, पण त्याची आई विमानातून उड्या मारते म्हणे! विशालही हसायचा. पण त्याच्या छातीत एक दगड होता, तो हसण्याने हलत नव्हता.

त्या दगडावर एकच उतारा होता. लहानपणी उडीच्या दिवशी यशवंतराव दोन्ही पोरांना विठ्ठलमंदिरात नेऊन बसवायचे. तिथे कौमुदीताईंचे कीर्तन असायचे. पूर्वरंग संपायचा, बुक्का लागायचा, हार पडायचा आणि मग उत्तररंगात ताई प्रल्हादाचे आख्यान लावायच्या. राक्षसांनी लेकराला कड्यावर नेले, हातपाय धरले आणि दिला फेकून! इथे ताई हात वर करायच्या. पेटी थांबायची, झांज थांबायची, ताईंचा श्वासही थांबायचा. आणि मग दोन्ही हात पुढे पसरून त्या असा काही टाहो फोडायच्या, "झेलला! माझ्या देवानं झेलला!" की म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांना धारा लागायच्या. देव त्या वेळी मंडपात नाही तर आणखी कुठे असणार?

नीलिमा, विशालची थोरली बहीण, एकदा भर मंदिरात विचारती झाली होती, "दरवेळी झेलते का हो ताई?"

"झेलणाऱ्याचे हात थकत नाहीत, बाई," ताई म्हणाल्या होत्या.

नीलिमाला ते पटले नाही. ती मंदिरात जायची बंद झाली आणि घरी राहून आईला छत्रीची घडी घालायला मदत करू लागली. दोर धरायची, कापडावर गुडघे टेकून हवा काढायची. "जिसका डर है उसको देखना तो पड़ेगा," म्हणायची. विशालला मात्र ताईंचेच पटले. तो पेटी शिकला आणि घडीकडे पाठ करून बसायला शिकला. बत्तीस वर्षांत त्या बॅगेच्या आत काय असते ते त्याने पाहिले नव्हते.

या गुरुवारी त्याने ताईंना सांगितले होते, रविवारी उडी आहे, नवा रायपुरात मोठ्या मेळ्यात, सहा जणांची. आईचे वय चोपन्न. मागच्या उडीला तिचा घोटा मुरगळला होता. "ताई, आता माझ्याच्यानं होत नाही." ऐंशीच्या घरातल्या त्या माउलीने विठ्ठलाच्या पायावरचा लाल दोरा काढून त्याच्या मुठीत दिला. "तिच्या अंगावर असू दे. काही होत नाही."

तो दोरा दोन दिवस खिशात होता. घडी संपल्यावर विशाल आईसमोर उभा राहिला.

"हात कर आई."

"नाही रे राजा. उडीच्या वक्ती हातात, गळ्यात काही नोको. अडकते."

"देवाचा आहे."

"देवाचा असला तरी अडकतेच." त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. "सोमवारी बांध."

सोमवारी! विशालला वाटले, सोमवार उजाडेल याची हमी कुणी दिली?

बाई शाळेत सही करायला म्हणून गेल्या. बॅग खाटेवर होती. विशाल बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला, मग पहिल्यांदाच जवळ गेला. पाठीवर एक छोटी झडप होती. ती उघडली तर आत दोरीचा इवलासा फास आणि त्यातून ओवलेली वाकडी, चकचकीत पिन. जणू दोरा बांधायला देवानेच जागा राखून ठेवली होती. हातात नाही, गळ्यात नाही, पाठीवर तर चालेल! त्याने पिन आणि फास यांना धरून दोऱ्याचे सात वेढे दिले, प्रत्येक वेढ्याला नाम घेतले आणि पेटीच्या खोळीला मारायचा तशी घट्ट दुहेरी गाठ मारली. झडप लावली. बॅगेला नमस्कार केला.

रविवारी बारा वाजता बाई "येते रे" म्हणून निघाल्या. विशाल पोटभर जेवला. उडीच्या दिवशी तो जेवला, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडले.

अडीचला नीलिमाचा फोन आला. ती बीरगांवला राहायची. उडीच्या दिवशी ती फोन करायचीच. बोलायची नाही, नुसती धरून बसायची.

"इस बार डर मत ताई," विशाल म्हणाला. "देवाचा दोरा बांधला मी. छत्रीलेच बांधला."

"छतरी को? कहाँ?"

"पाठीवर झडप आहे ना, तिच्या आत. ते पिन आहे, तिले."

"विशाल," ती म्हणाली, आणि लहानपणानंतर पहिल्यांदा मराठीत बोलली, "कमरेमागची मूठ ओढली की ते पिन निघते, तवाच छत्री उघडते रे. ते बांधून ठेवली तू? आईले बांधून ठेवलं?"

"दुसरी छत्री असते ना? छोटी?"

"असते. उघडली तर उघडली. तू भाग! फोन लगा उनको, भाग!"

त्याने फोन लावला. घंटी स्वयंपाकघरात वाजली. बाईंचा फोन पिठाच्या डब्यावर होता, बांगड्यांच्या डब्याशेजारी.

स्कूटर कशी निघाली, बुढा तलाव कधी मागे पडला, त्याला कळले नाही. शहर संपले आणि ते नवे रस्ते सुरू झाले, रुंद, गुळगुळीत, रिकामे; प्रत्येक चौक आधीच्या चौकासारखा. तो एका चौकाला दोनदा प्रदक्षिणा घालून चुकला. तोंडाने नाम चालू होते, पण प्रत्येक नामाबरोबर बोटांना तो वेढा आठवत होता. एक वेढा, दुसरा वेढा. ज्या नामाने बांधले त्याच नामाने सोडव, म्हणून तो हेल्मेटच्या आत रडत होता. रस्ता झाडणारी एक बाई दिसली.

"दीदी, मेला ग्राउंड?"

"हव, सोझ जा," ती झाडूने सरळ रस्ता दाखवत म्हणाली. मग डोळ्यांवर हात धरून वर बघत हसली. "जल्दी जा भैया, उड़ गे हे."

हेलिकॉप्टर वर चढले होते.

मैदानाच्या बांबूंपाशी त्याने स्कूटर टाकलीच. हवालदाराने अडवले.

"मेरी मम्मी है उसमें! उतारो उसको! उतारो!"

"सबकी मम्मी वहीं चढ़ी है क्या?" हवालदार हसला. मागच्या माणसाने आपल्या पोरीला खांद्यावर घेतले आणि कौतुकाने म्हणाला, "देख, इन अंकलकी मम्मी कूदेगी."

टाळ्या सुरू झाल्या. वर काळे ठिपके सुटले. विशालने मान वर केली; आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईच्या उडीकडे पाहिले. एक पिवळी उघडली. हिरवी. पांढरी. आणखी एक पिवळी. निळी. पाच.

नारंगी नव्हती.

तो थांबला. कौमुदीताई थांबायच्या तसे सगळे थांबले. लाउडस्पीकर, गर्दी, त्याचा श्वास. फक्त झेलण्याची आरोळी येत नव्हती. त्याची नजर आकाशावरून घसरत क्षितिजापर्यंत गेली, झुडपांच्या रांगेपर्यंत गेली, आणि तिथे काय पडले असेल ते बघायची हिंमत न होऊन परत आली. तो बांबू धरून खाली बसला.

"पाँचों जांबाज़ों के लिए तालियाँ!" लाउडस्पीकर म्हणाला.

पाँचों?

हवालदाराला काय वाटले कोण जाणे, त्याने बांबू वर उचलला. "उधर तंबू में पूछ लो, भाई."

तंबूत प्लास्टिकच्या खुर्चीवर वनमालाबाई बसल्या होत्या. अंगात उडीचा निळा पोशाख, मांडीवर बॅग. समोर टेबलावर लाल दोरा, कापलेला. पथकाचा प्रमुख, पिकल्या मिशांचा निवृत्त फौजी, पाठमोरा उभा होता.

"चढ़ने से पहले मैंने पिन न देखी होती तो? मैडम, ये किसी और ने किया है तो मुझे अभी पुलिस बुलानी पड़ेगी. जान लेने का मामला है."

"किसी ने नहीं. मैंने बाँधा," बाई म्हणाल्या. "मन्नत थी."

"आपने? पैंतीस साल से कूद रही हैं आप!"

"मैंने बाँधा," विशाल दारातून ओरडला. "साहब, मैंने!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता.

"माहा पोट्टा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि मग फौजीकडे वळून, "मेरा बेटा है. मुझे बचाने को झूठ बोल रहा है. इसने तो आज तक ये बैग छुआ नहीं. पूछ लो घर में किसी को भी."

फौजीने दोघांकडे आळीपाळीने बघितले. त्याला काय कळायचे ते कळले असावे. पण त्याने बाईंचे शब्दच घेतले. हात पुढे केला. बाईंनी खिशातून एक जुने, कडा गेलेले पुस्तक काढून त्या हातावर ठेवले. पहिल्या उडीपासूनची प्रत्येक उडी त्यात लिहिलेली होती.

"माफ़ करना मैडम. जो अपनी पिन बाँध ले, उसको मैं दोबारा नहीं चढ़ा सकता. कोई नहीं चढ़ाएगा."

"बराबर है सर," बाई म्हणाल्या.

परतताना त्या स्कूटरवर त्याच्या मागे बसल्या, बॅग दोघांच्या मध्ये.

"गाठ पाहूनच ओळखली मी," मागून आवाज आला. "पयल्या वर्गात बुटाची नाडी बांधाले मीच तं शिकवली होती तुले."

विशालने स्कूटर कडेला घेतली. त्याला पुढचे दिसत नव्हते.

"काहून जायची तू आई? आमी दोघं खाली असे बसलो असताना, काहून जायची?"

बाईंनी मधली बॅग मांडीवर ओढून घेतली.

"वर कोणी हाक मारत नाही रे," त्या म्हणाल्या. "चाळीस सेकंद. तेवढेच. मंग छत्री उघडली की खालचं सारं दिसते, आन् मले तुमी दोघं आठवता. दरवेळी. चाल आता, नीलिमा जीव मुठीत धरून बसली असन."

पुढच्या गुरुवारी वनमालाबाई मंदिरात आल्या. उडीच्या दिवशी पोरांना जिथे बसवले जायचे, तिथे त्या कधीच बसल्या नव्हत्या. बायकांनी सरकून जागा दिली. चारही बांगड्या हातात होत्या. कौमुदीताईंनी त्यांना पाहिले आणि, त्या भोळ्या माउलीला काय ठाऊक, आनंदाने प्रल्हादाचेच आख्यान लावले.

विशाल पेटीवर होता. राक्षस कड्यावर चढले. लेकराचे हातपाय धरले. ताईंनी हात वर केले. फेकला! विशालची बोटे सवयीने थांबली, झांज थांबली, सारे मंदिर श्वास धरून ताईंच्या पसरणाऱ्या हातांकडे बघू लागले.

विशालने आईकडे पाहिले. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, संथपणे, न चुकता कमरेच्या मागे गेला, आणि तिथे बोटांनी काहीतरी चाचपले. लुगड्याचा काठ लागला. हात क्षणभर तसाच राहिला, मग परत येऊन मांडीवर टेकला.

त्या निःशब्द मंदिरात बांगड्यांचा तेवढा एक आवाज झाला.