पोटात वाळू घेऊन विकलेली

मित्रांनो, मी एक जळालेली पॉवर बँक आहे. माझ्या अंगावर एका मोठ्या कंपनीचे नाव होते, पण ते माझे नव्हते. एका कोंदट खोलीत कुणीतरी कचऱ्यातली मरायला टेकलेली बॅटरी माझ्या पोटात कोंबली, वजन भरावे म्हणून शेजारी वाळूची पुडी ठेवली आणि वर ते नाव छापले.

एका बसचालक बाईने मला ऑनलाइन मागवले. दोन आठवडे मी जेमतेम काम केले. मग एका दुपारी, भर पुलावर, मी तिच्या खिशातच फुटले. आग तिच्या मांडीत शिरली. ती किंचाळली, पण स्टिअरिंग सोडले नाही. कठड्याला घासत बस थांबवली, मगच उघड्या हाताने मला उपसून फेकले. तिच्या तळहाताचे कातडे मला चिकटून आले. बसमधली चाळीस माणसे वाचली.

मी विझल्यावर तिने मला उचलून ठेवले आणि विक्रेत्याकडे पैसे परत मागितले. विक्रेत्याने कळवले, "वापरलेला माल परत घेत नाही."

तिच्या भावाचे डोके फिरले. माझे पार्सल पोचवणाऱ्या कुरिअरच्या दुकानात जाऊन त्याने काउंटरवरच्या माणसाची कॉलर धरली आणि त्याचे तोंड फोडले. एक दात फरशीवर पडला. बाई लंगडत मागोमाग आली आणि तिने भावाच्याच कानाखाली वाजवली.

"त्याने बनवली का रे ती? आधी माफी माग त्याची!"

मग आत काय आहे ते पाहायला तिने मला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने हातोडीचा एकच घाव घातला. माझी पाठ फुटली, वाळू टेबलभर सांडली. बाईने फोटो काढले, विक्रेत्याला पाठवले.

आता विक्रेता नरमला. "ताई, वस्तू परत पाठवा, पैसे लगेच देतो."

"म्हणजे हिला नवा डबा चढवून दुसऱ्याच्या खिशात घालशील! नाही पाठवत."

बिल, डॉक्टरांचा कागद आणि मला घेऊन ती ग्राहक मंचात गेली. तीन महिने खेटे घातले. अखेर माझी किंमत आणि उपचारांचा खर्च मिळाला. त्या विक्रेत्याचे ऑनलाइन दुकानही बंद झाले. आलेल्या पैशांतून तिने सर्वांत आधी काउंटरवरच्या माणसाचा दात बसवून दिला.

मित्रांनो, घेण्याआधी विकणारा कोण आहे ते नीट पाहा. फसलात तर गप्प बसू नका. पण हाताला लागेल त्याच्यावर राग काढू नका. मी फुटले, कारण मला थांबता येत नव्हते. तुम्हाला येते.