माढ्याला थांबलेली गाडी

इतिहास घडवणाऱ्या माणसाला आपण इतिहास घडवत आहोत याची कल्पना नसते. कुंडलिक भानवसे यांना ती होती, आणि म्हणूनच तो घडवल्याचा त्यांना पश्चात्ताप होत होता.

पुण्याहून सोलापूरला जाणारी पॅसेंजर माढ्याच्या फलाटाबाहेर उभी होती. साखळी भानवशांनी ओढली होती.

दोष तांब्याभर पाण्याचा. समोर बसलेली मायाक्का, "दादा, धरा की जरा लेकराला, पानी घिऊन आले," म्हणून नळाकडे गेली आणि गाडी हलली. भानवशांना मूलबाळ नव्हते. लेकरू काखेत, आई फलाटावर, या भीतीनेच त्यांचा हात वर गेला. साखळी इतकी अलगद खाली आली की त्यांना नवल वाटले.

मायाक्का धापा टाकत चढली, लेकरू तिच्याकडे गेले आणि पहिली भीती संपली. मग दुसरी सुरू झाली.

आणीबाणीचे दिवस होते. गाड्या वेळेवर धावत होत्या आणि कचेऱ्यांतली माणसे गाड्यांच्या पुढे धावत होती. भानवसे सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. शेजारच्या टेबलावरचे चनबसप्पा साहेबांच्या देखत जांभई दिली म्हणून घरी बसले होते. जांभईला ही शिक्षा, तर अख्ख्या गाडीला कोणती, हे भानवशांना सुचेना. पुढे इंजिन सारख्या शिट्ट्या मारत होते. ते आपल्याच नावाने ओरडते आहे, अशी त्यांची खात्री झाली.

कोपऱ्यात टोपी तोंडावर घेऊन झोपलेला हवालदार उठला.

"कुनी वढली रं साकळी?"

मघाशी 'वढा, वढा!' म्हणून ओरडणारा सगळा डबा आता खिडकीतून ज्वारी बघत होता. हवालदाराने खाली घोंगडी पसरून बसलेल्या सिद्धाप्पाला धरले. म्हातारा साखळीच्या बरोबर खाली होता आणि त्याचे धोतर मळके होते. त्या वर्षी एवढा पुरावा भरपूर होता.

"म्या कशाला वढू, सायेब? मला म्होळला जायाचं हाय. हितं माळावर थांबून काय करू?"

"ते ठान्यात सांग. ऊठ!"

"अवो, माजा हात तरी पुरंल का तितं?"

सिद्धाप्पाने उठून हात वर केला. दुर्दैवाने तो पुरला.

हवालदाराने त्याचे मनगट पकडले. मायाक्का भानवशांकडे बघत होती. भानवशांना कचेरी, साहेब, चनबसप्पा सगळे एकदम आठवले.

"मी ओढली," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावे लागले. असले वाक्य एकदा जमते. दुसऱ्यांदा फार जड जाते.

हवालदार त्यांना दंडाला धरून गार्डच्या डब्याकडे घेऊन निघाला. खडीवरून ठेचकाळताना, जेऊरला घरी असलेल्या बायकोला हे कोण कळवणार, एवढेच भानवशांच्या डोक्यात होते.

गार्ड पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"ह्यांनी साकळी वढली."

"कुठल्या डब्यातली?"

"फुडनं तिसऱ्या."

"ती आतून तुटलीय की हो. कितीबी ओढा."

"मग गाडी?" हवालदाराने विचारले.

"रुळावर म्हैस बसलीय. उठंना झालीय."

हवालदाराने दंड सोडला. भानवशांना हायसे वाटायला हवे होते.

"पण मी ओढली होती," ते म्हणाले. या वेळी आवाज स्वच्छ निघाला.

"बरं," गार्ड म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली.

ते डब्यात परतले तेव्हा त्यांच्या जागेवर लेकरू झोपले होते. मायाक्काने लगबगीने ते उचलले.

"बसा, दादा. आमच्यापायी तुमास्नी लई तरास. काय म्हनलं गारडसायेब?"

भानवशांनी खरे ते सांगितले.

"म्हशीनं थांबीवली व्हय!" ती म्हणाली आणि उचललेले लेकरू पुन्हा तिथेच निजवले.

भानवसे सोलापूरपर्यंत उभ्याने आले.