झांजवाला जागेवरून उठला

तबकडीकाकांच्या बैठकीच्या खोलीत एक खुर्ची आहे आणि तिच्या पायांखाली जमिनीवर खडूच्या खुणा आहेत. केर काढताना खुर्ची हललीच, तर ती परत त्याच खुणांवर बसवायची, हा त्या घरातला पहिला कायदा. काकू आल्यागेल्याला सांगतात, "या घरात माझी जागा अजून ठरायची आहे. खुर्चीची ठरली."

पेशाने काका नकाशे काढणारे. तेही इमारतींच्या दिमाखदार दर्शनी भागाचे नव्हेत, तर त्यांच्या पोटातल्या सांडपाण्याच्या नळांचे. आठवडाभर लोकांच्या मोऱ्या जोडायच्या आणि सुट्टीच्या सकाळी खुर्चीत बसून स्वर्गात जायचं, अशी त्यांनी आयुष्याची वाटणी केली होती. स्वर्गात जायची तयारी मोठी असे. आंघोळ आधी. फोन पिठाच्या डब्यात. खिडक्या बंद. मग तबकडी दोन तळहातांच्या कडांत धरून, मखमली फडक्याने पुसून, सुई अशी टेकवायची की जणू झोपलेल्या मुलावर पांघरूण घालतो आहोत. काकूंना खोलीत बसायची मुभा होती. वाटाणे सोलायचीही होती. वर्तमानपत्र वाचायची नव्हती, कारण पान उलटलं की आवाज होतो.

अशा माणसाचं धाबं दणाणलं ते एका शुक्रवारी, आणि तेही एका कुत्र्यामुळे.

झालं असं. दर गुरुवारी संध्याकाळी जुन्या तबकड्यांच्या दुकानामागच्या खोलीत श्रोता मंडळ जमे. एखादा नवा अल्बम सगळ्यांनी आपापल्या घरी ऐकून यायचं आणि एकाने त्यावर अभिप्राय वाचायचा, असा रिवाज. या वेळची पाळी काकांची होती. त्यांनी लिहिलं होतं: 'या अल्बमचं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे झांजेचा संपूर्ण त्याग. डाव्या बाजूला वादकाने जी पोकळी सोडली आहे, तिच्यात ऐकणाऱ्याला स्वतःचं एकटेपण ऐकू येतं.' मंडळाने माना डोलावल्या. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की त्यांनाही हे एकटेपण जाणवलं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. दुसरे म्हणाले, झांज असती तर अल्बम वाया गेला असता.

शुक्रवारी दुकानदाराचा फोन आला.

"काका, काल चारचौघांत बोललो नाही. पण तो अल्बम तुम्ही नक्की ऐकलात ना?"

"म्हणजे काय?"

"अहो, झांज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजतेय. तीही डावीकडेच. आमचा कुत्रा दुसऱ्या गाण्याला उठून बाहेर गेला, तो जेवायलाच परत आला."

"प्राध्यापकांनाही नाही ऐकू आली," काका म्हणाले.

"प्राध्यापकांनी अल्बम अजून दुकानातून नेलेलाच नाही."

काका हसले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण फोन उजव्या कानाला धरला होता. नेहमी डाव्या कानाला धरतो, कारण उजव्या हातात पेन्सिल असते. पेन्सिल आत्ता डाव्या हातात होती, आणि नकाशावर एका स्नानगृहाचा नळ सरळ शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात गेला होता.

गेल्या आठवड्यात एका सकाळी उठल्यावर डावा कान कापूस कोंबल्यासारखा झाला होता, हे आता त्यांना आठवलं. सर्दी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. सर्दी अशी की नाक एकदाही वाहिलं नाही.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी नवं काही लावलंच नाही. कॉलेजात असताना घेतलेला, पाठ असलेला अल्बम काढला. एक गायिका, एक पियानो, एक झांजवाला. म्हणे ऐन थंडीत, शेगडी नसलेल्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं होतं, आणि काकांच्या मते ती थंडी ऐकू यायची. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायिका तोंड उघडण्याआधी एक श्वास घेते, आणि डावीकडे, तिच्या खांद्यामागे, झांजवाला तारांच्या ब्रशने ड्रमवरच्या झांजेला नुसतं कुरवाळतो. काकांनी त्या कुरवाळण्यावर मंडळात तीन वेळा अभिप्राय वाचला होता. चौथा कुणी वाचू दिला नव्हता.

गायिकेने श्वास घेतला. झांजवाला डावीकडे नव्हता.

इतकी वर्षं एका जागी बसलेला सज्जन माणूस. तो उठून खोलीच्या पार उजव्या टोकाला जाऊन बसला होता, आणि तिथून भिंतीपलीकडून बोलावं तसा वाजवत होता. पियानोही त्याच्या मागोमाग सरकला होता. गायिका तेवढी मध्ये उभी राहायला हवी होती, तर तीही उजवीकडे कलून उभी. डावीकडे कुणी नव्हतं. घर रिकामं करून गेल्यासारखं.

काकांनी सुई उचलली. आधी त्यांना डाव्या ध्वनिपेटीचा संशय आला. मग तारेचा. त्यांनी डावी पेटी तारेसकट उचलून उजवीकडे ठेवली आणि उजवी डावीकडे. यंत्रात बिघाड असेल, तर तो आता बाजू बदलणार होता. पुन्हा श्वास. आता झांजवाला उजवीकडच्या पेटीत होता आणि लखलखीत वाजत होता. म्हणजे पेटी आणि तार दोन्ही शाबूत होत्या, आणि डावीकडे अजूनही अंधारच होता.

काकांनी जन्मभर हेच काम केलं होतं. नळ बदलला आणि तुंबा जिथल्या तिथे राहिला, तर तुंबा नळात नसतो. तो पुढे, मोरीत असतो. इथे मोरी म्हणजे ते स्वतः होते.

"संपलं का?" वाटाण्यांतून मान वर करत काकूंनी विचारलं. "आज लवकर आलात स्वर्गातून."

"सुई गेलीय," काका म्हणाले. "उद्या बदलून आणतो."

सोमवारी ते सुई आणायला म्हणून निघाले आणि कान तपासायच्या दवाखान्यात जाऊन बसले. भिंतीवर कानाचं भलंमोठं रंगीत चित्र होतं आणि त्याखाली पाटी: 'अचानक कमी ऐकू येऊ लागल्यास ताबडतोब या. पहिल्या दिवसांत उपचार सुरू झाल्यास ऐकणं परत येऊ शकतं. उशीर झाल्यास येत नाही.' काकांनी ती पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. मग डोळे मिटून घेतले, तर पाटी डोळ्यांच्या आतही लावलेली होती.

तपासणी करणारी बाई तरुण, हसतमुख, आणि सकाळपासून बरेच कान पाहून कंटाळलेली होती. तिने काकांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "काका, टूं असा आवाज येईल. कितीही बारीक असो, आला की दाबायचं. आधी उजवा कान, मग डावा." मग ती काचेपलीकडे आपल्या चहाच्या कपापाशी जाऊन बसली.

उजव्या कानात टूं आलं. काकांनी दाबलं. टूं, दाबलं. आवाज बारीक होत गेला, मुंगीच्या पावलाएवढा झाला, तरी काका दाबत राहिले. उजव्या कानाला तोड नव्हती. आणि हे चालू असताना, काकांच्या नकळत, त्यांच्या आतल्या जन्मभरच्या श्रोत्याने बाईची लय उचलली. ती एका संथ ठेक्यात टूं सोडत होती. सोडताना तिचा खांदा किंचित वर जायचा, जसा पियानोवाल्याचा जातो.

मग बाईने बोटाने खूण केली: आता डावा.

डाव्या कानात काही आलं नाही. काचेपलीकडे खांदा वर गेला. काकांचा अंगठा खाली आला.

आपण फसवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मैफलीत मांडीवर पडणारा हात कुणी ठरवून पाडत नाही. खांदा, अंगठा. खांदा, अंगठा. आत मिट्ट शांतता होती, आणि तिच्यात काका घाबरून, घामाघूम होऊन, अचूक ठेका देत होते.

बाई दार उघडून आली ती कौतुकाने. "काका, काय कान आहेत हो. डावा तर यंत्राच्या सगळ्यात बारीक आवाजापर्यंत गेला. डॉक्टरांना भेटायचीसुद्धा गरज नाही."

काका "हो का" म्हणाले. त्यांना इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना त्यांनी एक चाल गुणगुणली. शिकलेल्या माणसाने यंत्राच्या सहीशिक्क्यापुढे शंका काढू नये. जिन्याच्या तळाशी येईपर्यंत त्यांचा या तत्त्वावर पूर्ण विश्वास होता. मग त्यांनी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि डावीकडून आलेला एक मालवाहू टेम्पो त्यांच्या शर्टाच्या बाहीला वारा घालत गेला. चालकाने मागे डोकं काढून जे म्हटलं ते उजव्या कानाला नीट ऐकू आलं. त्यात बहिऱ्यांचा आणि काकांच्या वडिलांचा उल्लेख होता.

काका पदपथावर खांब धरून उभे राहिले. वर दवाखान्याची खिडकी दिसत होती. परत जाऊन काय सांगायचं? बाई, मला ऐकू येत नाही, मी नुसती दाद दिली? पाय वर जाईनात. पाय घराकडे गेले.

घरी काकूंनी आधी सुई विचारली, मग खिशातून डोकावणारा दवाखान्याचा कागद ओढून घेतला आणि वाचला. कागदावर दोन्ही कान उत्तम होते.

"म्हणजे ऐकू येत होतं तर," काकू म्हणाल्या.

"काय?"

"इतकी वर्षं. मी समजत होते, बिचाऱ्यांना कमी येतं."

संध्याकाळी चहा घेताना काकू त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. डोक्यात एकच हिशेब चालू होता: आणखी एक दिवस गेला, पाटीवर पहिले दिवस म्हणजे किती ते लिहिलेलं नव्हतं. शेजारी काकू काहीतरी पुटपुटत असाव्यात. काकांनी सवयीने, जिथे वाक्य संपत असेल असं वाटलं तिथे, मान हलवली. काकू थांबल्या. पुन्हा बोलल्या. काकांनी पुन्हा मान हलवली, आणि या वेळी शोभेसं हसलेही.

काकू उठल्या, वळसा घालून उजव्या बाजूला येऊन बसल्या.

"मी काय म्हणाले?"

"अगं, हो म्हटलं ना."

"मी म्हणाले, तुमच्या सगळ्या तबकड्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणाले, खुर्चीपण दिली. तर तुम्ही हसलात."

काकांनी कप खाली ठेवला आणि मान वळवून खुर्ची जागेवर आहे का ते पाहिलं.

"आधी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचात," काकू म्हणाल्या. त्यांनी नेहमीच्या सुरात म्हणायला घेतलं होतं, पण वाक्याच्या शेवटी सूर खाली गेला. "आता सोडायचीही सोय राहिली नाही. कधीपासून?"

काकांनी सांगितलं. कापूस, कुत्रा, झांजवाला, खांदा, अंगठा. सांगताना त्यांना वाटत होतं की काकू हसतील, आणि हसल्या तर बरं होईल. काकू हसल्या नाहीत. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

"त्या बाईला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

"आणि नाही सांगितलं तर काय, खोटं झालं?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. दवाखाना बंद झाला होता. काकू त्या रात्रभर त्यांच्या उजव्या कुशीला झोपल्या, त्यांची रोजची बाजू सोडून.

सकाळी दार उघडायच्या आधी दोघं पायरीवर हजर. बाई किल्ल्या घेऊन आली. "काय काका, काल तर इतकी छान आली होती तपासणी."

"काल मी ऐकत नव्हतो," काका म्हणाले. "तुमची साथ करत होतो."

बाईला आधी कळेना. मग काकूंनी दोन वाक्यांत समजावलं, आणि बाईच्या चेहऱ्यावरून हसू गेलं. केव्हापासून, तिने विचारलं. काकांनी दिवस सांगितला. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. 'अजून वेळ आहे' असं ती म्हणेल म्हणून दोघं थांबले. ती म्हणाली, "आत चला. डॉक्टर आत्ता येतील, मी त्यांना फोन करते."

"मला पाठमोरं बसवा," काका म्हणाले. "आणि एकसारखं वाजवू नका. मध्येच थांबा, कुठेही थांबा. मला ठेका सापडू देऊ नका. सापडला की मला राहवत नाही."

तिने खुर्ची फिरवली. काचेकडे पाठ, समोर करड्या फोमची भिंत. हेडफोन. बटण. दार लागलं. आज थेट डावा कान.

काका बसले. खुर्चीखाली खुणा नव्हत्या, पुढे पेट्या नव्हत्या, खांदा नव्हता. काही आलं नाही. किंवा आलं असेल. मग त्या फोमच्या भिंतीत, अगदी दूर, कुणीतरी ब्रशने झांज कुरवाळली. काकांचा अंगठा ताठ झाला. झांज ओळखीची होती. फारच ओळखीची. गायिकेचा श्वाससुद्धा मागोमाग आला, थंडीसकट, आणि यंत्र फक्त टूं काढतं, श्वास काढत नाही, हे काकांना माहीत होतं.

त्यांनी अंगठा बटणावरून उचलून हवेत धरला, आणि दुसऱ्या हाताने तो मनगटाशी घट्ट पकडून ठेवला. मागे काचेपलीकडे काकू उभ्या होत्या. बाई कितीदा कळ दाबते आहे, हे त्यांना दिसत असणार. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.