भोकापुरती दृष्टी

व्यासपीठावर चष्म्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता, आणि रांग अजून सभागृहाच्या दाराबाहेर होती. जो तो पुढे येई, नाकावरचा चष्मा काढून ढिगावर टाकी, दृष्टिदात्यांनी दिलेली पितळी चकती डोळ्याशी धरी आणि समोरच्या फळ्यावरची बारीक अक्षरे घडाघडा वाचून दाखवी. मग टाळ्यांचा कडकडाट. निवृत्त पोस्टमनला तर शेवटची ओळ वाचताना हुंदकाच आला.

‘दृष्टिदाते’ हे नाव त्यांनी स्वतःच घेतले होते. दुसऱ्या कोणी देईपर्यंत थांबण्याइतका धीर त्यांच्यात नसावा.

“चष्मा म्हणजे डोळ्याची कुबडी!” ते गरजले. “कुबडी फेकल्याशिवाय पाय चालतील कसे? या चकतीत ब्रह्मांडाचा सूक्ष्म किरण कोंडलेला आहे. चाळीस दिवस ती डोळ्यांवर बांधा. एकेचाळिसाव्या दिवशी गरुड तुमच्याकडे नजर उसनी मागायला येईल!”

गरुडाच्या या अडचणीवर पुन्हा टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत बसलेल्या भिंगवालीने टाळी वाजवली नाही. चौकातल्या दुकानात नंबर तपासणे आणि भिंगे घासून बसवणे हा तिचा वीस वर्षांचा धंदा. म्हणून सगळे तिला भिंगवालीच म्हणत. ती वाद घालायला आलेली नव्हती. ती आली होती थोरल्या भावासाठी. भाऊ शाळेची बस चालवी, आणि या क्षणी तो तिनेच बनवलेला चष्मा ढिगावर टाकत होता.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात रबरी पट्टीला शिवलेल्या दोन चकत्या होत्या.

“अगं, शेवटची ओळ वाचली मी! चष्म्याशिवाय!”

“आणि उद्या सकाळी बस?”

“ह्याच बांधून चालवायची. चाळीस दिवस खंड पडता कामा नये म्हणाले.”

“दादा, चाळीस पोरं असतात मागे.”

“मला शिकवतेस?” त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “दरवर्षी नंबर वाढतोय माझा. पुढच्या तपासणीत घरी बसवतील. पन्नाशीला मी दुसरं काय करू, सांग ना.”

भाऊ मूर्ख नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला चकती विकणे सोपे असते.

तिने त्या चकत्या उलटून पाहिल्या. बाहेरून नक्षी, आतून काळा रंग, मधोमध टाचणीच्या टोकाएवढे भोक. अशीच एक चकती, अर्थात नक्षीवाचून, तिच्या भिंगांच्या पेटीत होती. गिऱ्हाइकाला दिसणारी धूसरता चष्म्याने जाण्याजोगी आहे की डोळ्यात वेगळाच आजार आहे, हे ताडायला ती दिवसातून दहादा वापरी. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्यासाठी तिच्या पाया पडण्याची तसदी घेतली नव्हती.

ती उठली आणि भावाला घेऊन व्यासपीठापाशी गेली. पर्समधली टाचणी काढून तिने कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेलाच भोक पाडले आणि पत्रिका पोस्टमनच्या हातात दिली.

“काका, चकती राहू द्या. ह्यातून बघा.”

पोस्टमनने पाहिले. “अरेच्चा! तस्संच दिसतंय की!”

सभागृहात कुजबुज उठली. दृष्टिदाते मुळीच डगमगले नाहीत. “दिसणारच! इथल्या प्रत्येक वस्तूत माझी शक्ती उतरली आहे.”

“मग त्या चष्म्यांतही उतरली असेल. ज्याचे त्याला परत देऊन टाका.”

हशा पिकला. “बाई,” दृष्टिदाते म्हणाले, “दुकान बसेल म्हणून तुमच्या पोटात दुखतंय!”

“तुम्ही खरे असाल तर दुकान आजच बंद करते. फक्त फळ्यावरचे ते दोन मोठे दिवे घालवा. ब्रह्मांडाच्या किरणाला विजेची गरज नसावी.”

दृष्टिदाते काही बोलण्याआधीच कोणीतरी बटण दाबले. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात भिंगवालीने आपल्या चष्म्यातून फळा वाचून दाखवला. चकतीवाल्यांना मात्र काही दिसेना.

“सगळं काळं,” पोस्टमन म्हणाला. “फळाच सापडेना.”

“शंका आली की शक्ती मावळते!”

“शंका नाही, उजेड मावळला,” भिंगवाली म्हणाली. “दूरची पाटी वाचताना तुम्ही डोळे बारीक करता ना? हे तेच. अक्षराच्या एकेका बिंदूपासून निघालेले किरण धूसर नजरेच्या डोळ्यात एका जागी जुळत नाहीत, पसरतात. त्याचा डाग होतो. भोकातून अगदी थोडे किरण आत जातात, डाग लहान होतो, अक्षर रेखीव दिसतं. पण उजेडही तितकाच कमी, म्हणून ते दिवे. भोक बाजूला केलं की डोळा होता तसाच. चकतीने तो बरा होत नाही, चाळीस दिवसांनी नाही आणि चारशे दिवसांनीही नाही.”

“पण मला दिसलं होतं ना गं?” भाऊ हट्टाने म्हणाला.

“दिसलंच होतं. बांध बरं चकत्या. लावा हो ते दिवे!” भावाने पट्टी बांधली. “आता नजर फळ्यावरच ठेव आणि वाच.”

त्याने सगळ्या ओळी बिनचूक वाचल्या.

“मी कुठे आहे?”

“मागे असशील.”

ती त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, दोन्ही हात हलवत उभी होती. 

“इथे आहे मी, दादा. उद्या मी नसेन. रस्ता ओलांडणारं एखादं पोर असेल.”

भावाने पट्टी काढली. ती त्याने बहिणीच्या हातात ठेवली.

एवढ्यात दाराजवळून कोणी ओरडले, “अहो, ह्यांच्या गाडीचा ड्रायव्हर बघा! ह्या एवढ्या जाड भिंगांचा चष्मा!”

“तो अजून... नवशिका साधक आहे,” असे पुटपुटत दृष्टिदाते त्याच साधकाच्या भरवशावर निघून गेले.

मग खरा गोंधळ उडाला. चष्म्याशिवाय चष्मा शोधायचा कसा? शे-दीडशे माणसे पत्रिकांना भोके पाडून, एक डोळा मिटून ढिगापाशी ओणवी झाली. ब्रह्मांडाच्या किरणाचा दिवसभरातला एवढाच काय तो उपयोग.

भिंगवालीने ढिगातून भावाचा चष्मा शोधून काढला आणि त्याला मैदानात नेले. त्याची बस वीस पावलांवर उभी होती. “चष्मा लावून गाडीच्या नंबराची पाटी वाच.”

त्याने वाचली. शेवटच्या दोन आकड्यांशी अडखळला. 

“वाढलाय नंबर,” तो म्हणाला.

“भिंग बदलू. चष्म्यातून नीट दिसलं तर तपासणीत कोणी काढत नाही. न दिसता चालवलं तर मात्र तपासणी रस्त्यावर होते.”

भावाने खिशातून फोन काढला आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांना लावला. “बाई, उद्या दुसरा ड्रायव्हर बघा. मला नीट दिसत नाहीये. नवा चष्मा मिळाला की येतो.”

हे वाक्य म्हणायला त्याला किती जड गेले, हे फक्त बहिणीला कळले. त्या दिवशी शहाणपणाचे खरे काम एवढेच झाले. ज्यांच्या हाती गाडीचे चाक आहे, त्यांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. आणि जो आपल्याला दृष्टी देतो म्हणतो, त्याच्याकडे आधी डोळे उघडे ठेवून पाहावे.