घागरीच्या छातीतलं काळं

सई, मधे बोलू नको, नुसतं ऐक.

आमच्या गल्लीत मोहोळकडचे एक महाराज यायचे, दर रविवारी सकाळी. मंडप, माईक, दोनशे माणसं. छातीत धडधड, दम, ठोका चुकणं, सगळ्यावर एकच इलाज. उघड्या छातीवर पिवळा भंडारा चोळायचे, मग तीर्थाच्या हंड्यात पांढरं फडकं बुडवून वर दाबायचे. उचललं की फडकं काळंकुट्ट! बायका हात जोडायच्या. वरून लिंबू घासलं की छातीवरचा डागसुद्धा गायब.

"निघालं! काळजात बसलेलं काळं निघालं!" महाराज माईकवर ओरडायचे. "डॉक्टरच्या मशिनीला नुसतं दिसतं. काढता येतं का? आं? मशिनीला हात हायत का?"

आमचे अप्पा डाय हाऊसमधे, बॉयलरवर. चौदा वर्षं झाली. टॉवेल रंगवायला वाफ लागते, त्यासाठी लाकूड, चिंध्या, मिळेल ते जाळतात. ठोके चुकायला लागले तेव्हा अनसूया डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावर बोट ठेवून दाखवलं होतं, हा बघा, वेळेआधीच पडलाय. म्हणाल्या, जाड धूळ नाकात अडकते, खोकल्यातून पडते. धुरातली बारीक काजळी पार फुप्फुसाच्या टोकाला जाते, तिला लोखंड-तांब्याचे कण चिकटलेले असतात. आत सूज येते, अगदी बारीक असतं ते रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाची लय बिघडते. गोळ्या चुकवू नका, धुरातलं काम सोडा.

अप्पा महिनाभर घरी बसले. मग एका रविवारी त्यांच्याही छातीवर महाराजांचं फडकं काळं झालं आणि गोळ्या बंद. सोमवारी परत बॉयलरवर. "काळं निघालं की गं," एवढंच बोलले.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी शेजारच्या काशम्मा अज्जीला घेऊन गेले. ऐंशीची आहे, तिच्या सासरी हातानं लुगडी रंगवायचे. तिनं महाराजांकडे बघितलंसुद्धा नाही. फेकलेलं फडकं उचललं, हुंगलं आणि हसायलाच लागली.

"अगं, हे हिरडा-हिराकस! माझी सासू काळा काठ ह्यातच रंगवायची. हिरड्याची पूड पिवळी, त्यावर हिराकसाचं, लोखंडाच्या खाराचं पाणी पडलं की काळं. डाग पडला की लिंबू लावायचो आमी."

बघ ना, अख्खी गल्ली रंगवणाऱ्यांची! पण आता रंग पुडीतून येतो, त्यामुळे कुणाला म्हणजे कुणालाच ओळखू आलं नाही.

अज्जीनं आपली पितळी घागर महाराजांपुढं ठेवली. "हिला बी लई धडधडतंय. लावा की भंडारा."

"म्हातारे, चेष्टा करती व्हय?"

मग मीच ताटातली चिमूट उचलली, घागरीला चोळली, हंड्यातलं ओलं फडकं दाबलं. काळं!

"अगं बाई, घागरीला बी काळीज हाय की!" अज्जी ओरडली. अर्धा मंडप हसला, अर्धा खाली बघत बसला. महाराज दुपारच्या आत माईकसकट गायब.

मला भारी वाटायला हवं होतं ना? काहीच वाटलं नाही. अप्पा रांगेत उभे होते, शर्ट काढून. ते परत बटणं लावायला लागले. एक एक. सावकाश.

सोमवारी ईसीजी काढला. ठोके आधीपेक्षा जास्त चुकतायत. डॉक्टर रागावल्या नाहीत, नुसता चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, आता धूर म्हणजे धूर नको.

मंगळवारी सकाळी अप्पा डबा घेऊन निघाले. मी गोळी पुढं केली.

"ह्यानं काळं निघतं का?"

"नाही अप्पा. ही फक्त ठोका सांभाळते. आत गेलेलं कुणी फडक्यानं पुसून काढत नाही. नवीन जाऊ द्यायचं नाही, तेवढं आपल्या हातात आहे. आणि कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी तपासायचं, बस."

त्यांनी गोळी घेतली. चपला घातल्या.

"त्यो खोटा का असंना, निघालं म्हणत हुता," म्हणाले. "तीन आठवडे झोप लागली मला. बाजूला हो, चेतना. बॉयलर पेटवायचाय."

मी दारातच उभी, दोन्ही हात चौकटीला. रडू येत नव्हतं, रागसुद्धा येत नव्हता. अप्पा वाट बघत होते.

सई, तू काय केलं असतंस? झाली असतीस बाजूला?